सब्र म्हणजे मूग गिळणे नव्हे

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा आपण गेली तीन-साडेतीन दशके करीत आहोत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या साहित्याची भाषा कोणती, त्याचा नायक कोण, त्याचे दुःख कोणते, यावर पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. परंतु आपल्या घराघरांत रोज उच्चारले जाणारे तीन शब्द या चर्चेत फारसे आले नाहीत. सब्र, शुक्र आणि तवक्कुल. संकटात धीर न सोडणे, जे हाती उरले त्याबद्दल अल्लाहचे आभार मानणे आणि पुढचे त्याच्यावर सोपवणे. आपली दादी, आपली अम्मी, मोहल्ल्यातली विधवा, कर्जाखाली दबलेला कारागीर, ही सारी माणसे याच तीन शब्दांच्या आधाराने उभी असतात. या शब्दांचे आपल्या कथा-कवितांनी काय केले, हे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या वाचनात आलेल्या कथांमध्ये एक साचा वारंवार दिसतो. घरावर संकट कोसळते. कमावता मुलगा दंगलीत जातो, मुलगी तलाक घेऊन माहेरी येते किंवा बापाचा धंदा बसतो. दोन-तीन पाने आक्रोश होतो. मग घरातली म्हातारी किंवा मौलवीसाहेब पुढे येतात, ‘अल्लाह की मर्जी, सब्र करो’ म्हणतात आणि कथा संपते. कथा संपली की लेखक दमला, हे वाचकाला कळत नाही. दुसरा साचा याच्या उलट आहे. तिथे हेच वाक्य कानावर पडले की शिकलेला नायक संतापतो. सब्र म्हणजे अफू, तवक्कुल म्हणजे आळस, असा निकाल देऊन तो मोकळा होतो. पहिल्या लेखकाला या शब्दांविषयी श्रद्धा आहे, दुसऱ्याला चीड आहे. मात्र दोघांनीही सब्रचा अर्थ एकच घेतला आहे : मूग गिळून गप्प बसणे. आमच्या मते मुळात हा अर्थच खोटा आहे आणि त्यापायी दोन्ही साच्यांतली माणसे अर्धीमुर्धी राहिली आहेत.

आधी शब्दांकडेच पाहू. अरबीत ‘सब्र’ या धातूचा अर्थ रोखून धरणे, बांधून ठेवणे असा आहे. सुटू पाहणाऱ्या बैलाचा कासरा जो घट्ट धरून उभा आहे, तो सब्र करतो आहे. त्याचे हात रिकामे नसतात. ‘शुक्र’ची गोष्ट आणखी मजेची आहे. जुने अरबी कोशकार सांगतात की थोड्याशा चाऱ्यावरही जे जनावर अंगाने भरते, ज्याच्या अंगावर खाल्लेले दिसते, त्याच्यासाठी याच धातूचा शब्द वापरीत. म्हणजे शुक्र हा तोंडाने म्हणण्यापुरता शब्द नव्हता. मिळालेले अंगी लागणे, ते वागण्यात दिसणे, हा शुक्र. आणि ‘तवक्कुल’ तर आपल्या तहसील कचेरीबाहेर रोज भेटतो. ‘वकील’ हा शब्द त्याच धातूचा. इमाम गझालींनी (१०५८–११११) ‘इह्या’ या ग्रंथात तवक्कुल समजावताना दाव्यातल्या वकिलाचाच दाखला दिला आहे. आपण आपले प्रकरण ज्याच्यावर सोपवतो, त्याच्या ज्ञानावर, ताकदीवर आणि आपल्याविषयीच्या कळकळीवर आपला पूर्ण भरवसा असतो. आम्ही त्यात आपल्या अनुभवाची एवढीच भर घालू, की वकीलपत्र दिले म्हणून सातबारा घरी ठेवून कोणी झोपून राहत नाही. कागद आणावे लागतात, तारखेला हजर राहावे लागते. निकाल मात्र आपल्या हातात नसतो.

गझालींनी आणखी एक गोष्ट केली आहे. चाळीस प्रकरणांच्या त्या ग्रंथात सब्र आणि शुक्र यांना त्यांनी एकाच प्रकरणात बसवले. दुःखात सब्र आणि सुखात शुक्र, अशी सोपी वाटणी आपण करतो. त्यांना ती पुरेशी वाटली नाही. एकाच माणसाच्या एकाच दिवसात दोन्ही गोष्टी चालू असतात. आपल्या कथाकारांनी हे ध्यानात घ्यावे. ज्या घरात मय्यत झाली आहे, त्याच घरात शेजारीण डाळ-भाताचे पातेले ठेवून जाते. रडणारी आई तिच्याकडे पाहते. तिच्या त्या एका पाहण्यात सब्रही आहे आणि शुक्रही आहे. ‘सब्र करो’ या दोन शब्दांनी कथा संपवणाऱ्याला ते पातेले दिसलेलेच नसते.

आता पवित्र कुरआनातली माणसे पाहू. हजरत याकूब (अलै.) यांनी युसूफ हरवल्यावर सुंदर सब्र धरला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच सूरहमध्ये ते इतके रडतात की त्यांचे डोळे पांढरे पडतात. मुलगे त्यांना टोचून बोलतात, तेव्हा आपले दुःख आपण अल्लाहपाशीच मांडतो, असे त्यांचे उत्तर आहे. हजरत अय्यूब (अलै.) तर सब्रचे दुसरे नाव. तेही आपल्याला क्लेशांनी गाठले आहे, हे अल्लाहला उघड सांगतात. आपल्या पैगंबरांनी (सल्ल.) आपल्या चिमुकल्या इब्राहिमच्या मृत्यूवर अश्रू ढाळले आणि त्या अश्रूंना रहमत म्हटले. ज्या परंपरेत सब्रचे सर्वांत मोठे दाखले रडतात, त्या परंपरेतल्या लेखकाने आपल्या पात्रांचे रडणे आवरते का घ्यावे?

तवक्कुलचेही तसेच. हजरत मूसा (अलै.) यांच्या आईने तान्हे मूल नदीत सोडले. यापेक्षा मोठा भरवसा कोणता? पण तिने लगेच मुलीला काठाकाठाने मागावर पाठवले. हजरत हाजरा यांनी ओसाड रानात अल्लाहवर विश्वास ठेवला आणि तरीही पाण्यासाठी सफा-मरवाच्या सात फेऱ्या धावून काढल्या. आज हजला जाणारा प्रत्येक जण त्या धावण्याची आठवण पायांनी जागवतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी (सल्ल.) आधी उंट बांधायला सांगितले. हे सारे आपल्या वाचकाला पाठ आहे. लेखणी हातात घेतली की नेमके तेच विसरायला होते.

ही झाली धर्मग्रंथांची साक्ष. मराठी साहित्यात याचे नाते कोठे सापडते? आम्हाला ते प्रथम तुकोबांत दिसते. १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ, वाण्याच्या दुकानाचे दिवाळे, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, मुलाचा मृत्यू, गावात झालेली बेअब्रू, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. आणि त्यांनी आपल्या एका प्रसिद्ध अभंगात या सगळ्यांबद्दल देवाचे आभार मानले. आम्ही त्या अभंगाकडे शुक्रच्या नजरेने पाहतो, तेव्हा एक गोष्ट मनात भरते. आभार मानताना तुकोबा नुकसानीची यादी देतात. दिवाळे, दुष्काळ, अपमान, संसाराची हानी, एकही बाब ते गाळत नाहीत. ज्याच्या वहीत तोट्याचा रकाना कोरा आहे, त्याच्या जमेवर कोण विश्वास ठेवील? आणि हेच तुकोबा दुसऱ्या अभंगांत देवाशी कडाकडा भांडतात. आभार आणि भांडण ही दोन्ही एकाच दारात उभे राहून केलेली बोलणी आहेत. दार सोडून गेलेला माणूस भांडतही नाही.

त्याच शतकातले आपले शेख महंमद श्रीगोंदेकर. मुसलमान घरात जन्मलेल्या या संतकवीने मराठीत मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचे नाव ठेवले ‘योगसंग्राम’. नावच बोलके आहे. मनाची शांती ही बसल्याजागी मिळणारी वस्तू त्यांनी मानली नाही. आतल्या शत्रूंशी रोज लढून ती मिळवायची आहे, असे त्यांनी प्रसंगामागून प्रसंग रचून सांगितले. सब्रला लढाई म्हणणारा कवी मराठीत आपल्याच घरात चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तरी आपण सब्रचा अर्थ शरणागती असा घेतो.

उर्दूकडे पाहिले तर अल्लामा इक्बालांचे ‘शिकवा’ आठवते. मुसलमानांच्या दुरवस्थेबद्दल खुद्द अल्लाहकडे तक्रार मांडणारी ही नज्म अनेकांना सहन झाली नाही आणि कवीवर टीकेची झोड उठली. पुढे १९१३ मध्ये त्यांनी ‘जवाब-ए-शिकवा’ लिहून त्या तक्रारीचे उत्तर दिले. ते उत्तर काय सांगते? तक्रार करणाऱ्या, आधी आपले हात काय करताहेत ते पाहा. तक्रारीची मुभा आणि कामाची ताकीद, दोन्ही एकाच कवीने दिल्या.

आधुनिक मराठीत आपल्या लेखकांचा वारसा मोठा आहे. शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांनी गिरणी कामगारांची आणि संयुक्त महाराष्ट्राची गाणी गाऊन मैदाने हलवली. हमीद दलवाईंनी १९६५ च्या ‘इंधन’मध्ये कोकणातल्या गावाची घुसमट मांडली. पुढच्या पिढीने १९९२-९३ च्या मुंबईनंतर आपली जखम कवितेत आणली. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानंतर मागासलेपणाची आकडेवारीही आपल्या लेखनात उतरली. हे सारे आवश्यकच होते. पण या वाटेने जाताना एक गोष्ट मागे राहिली. दंगलीनंतर सातव्या दिवशी दुकानाचे जळके शटर वर करणारा माणूस पहाटे फजरच्या नमाजीत काय मागून आला होता, हे आपल्या कवितेने क्वचितच विचारले. निषेध आपण लिहिला. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी उभे करणारी ताकद लिहायची राहिली. ती आपण जुम्म्याच्या बयानावर सोडून दिली आणि मग बयानातली भाषा तोकडी पडते म्हणून कुरकुरत बसलो.

जात्यावरच्या ओव्यांनी मात्र हे काम केव्हाच केले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या गाणाऱ्यांत मुसलमान बायकाही आहेत. ओवीत सासरची तक्रार आहे, गरिबीचा हिशेब आहे, भावाची वाट पाहणे आहे आणि परमेश्वराचे नावही आहे. जाते थांबत नाही आणि गाणेही थांबत नाही. मुखाने कैफियत, मनात भरवसा, हाताने दळण. आमच्या मते मराठीतला सब्रचा सर्वांत खरा नमुना तो आहे.

आम्ही हे चामोर्शीत बसून लिहीत आहोत, त्याला कारण आहे. गडचिरोली जिल्ह्यातला हा मुलूख धानाचा. इथला शेतकरी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, उन्हाळ्यात बांधीचे बांध नीट करतो, बोडीची पाळ पाहतो, पऱ्हे टाकतो आणि मग आभाळाकडे बघतो. बांध फुटका ठेवून पावसाची दुआ मागणाऱ्याला गाव हसते. पेरता तुम्ही, पण उगवते कोण, असा सवाल कुरआनात आहे. त्याचा अर्थ इथल्या माणसाला टीकाग्रंथावाचून कळतो. पेरणे त्याचे आहे, उगवणे त्याचे नाही. शेजारी मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी महाशिवरात्रीला जत्रा भरते. अल्पायुषी ठरलेला मार्कंडेय ऋषी मृत्यू समोर आल्यावर देवाला घट्ट कवटाळून बसला, अशी तिथली श्रद्धा आहे. आपल्या शेजाऱ्यांच्या कथेतही भरवसा म्हणजे हातपाय गाळणे नव्हे.

याच वैनगंगेला २०२० च्या ऑगस्टअखेरीस महापूर आला. त्या वर्षी कोरोनाच्या टाळेबंदीने आधीच हातावर पोट असणाऱ्यांचे हाल झाले होते. मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सुटले, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत उभी धाने पाण्याखाली गेली. अशा वेळी ‘अल्लाहची आजमाइश’ हे शब्द ओठांवर येतात आणि ते खोटेही नाहीत. भीती, भूक, धनाची, जिवांची आणि पिकांची हानी यांनी माणसाची परीक्षा होते, असे कुरआनच सांगतो. पण लेखकाने इथे एक पाऊल थांबावे. पाऊस अल्लाहचा. दरवाजे कधी उघडायचे, किती उघडायचे, खालच्या गावांना किती आधी कळवायचे, हे माणसांचे. ज्याचे धान गेले त्याने अल्लाहपुढे सब्र करावा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यापुढे उभेही राहावे. या दोन गोष्टींत भांडण नाही. आजमाइश या शब्दाने माणसाची जबाबदारी झाकली जाऊ लागली, की समजावे, तो शब्द चुकीच्या हातात पडला आहे.

याहून बोलका दाखला याच जिल्ह्यातला आहे. तान्ही मुले दगावली की ‘अल्लाहने दिले, अल्लाहने नेले’ म्हणायचे आणि शेजारच्या घरात ‘देवाची वस्तू देवाने नेली’ म्हणायचे, ही खेड्यापाड्यांतली जुनी रीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळीच औषध देणे. हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके जिथे दगावत होती, तिथे १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण २५ च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. आम्ही विचारतो, ही जी बाळे वाचली, ती अल्लाहच्या मर्जीविरुद्ध वाचली का? ज्या आईने बाळाला कापडात गुंडाळून उराशी धरले आणि रात्रभर दुआ मागितली, तिचा तवक्कुल कमी पडला का? उलट तिचाच तवक्कुल पूर्ण होता. तिने उंट बांधला होता.

यावरून आपल्या समीक्षेला तीन साधी मापे हाती लागतात, असे आम्हाला वाटते.

पहिले माप : नुकसान पुरते सांगितले आहे का? कथेत सब्र यायच्या आधी तोटा पूर्ण मोजला गेला पाहिजे. किती रुपयांचे कर्ज, कोणत्या सावकाराचे, किती दिवस चूल पेटली नाही, मेलेल्या मुलाची चप्पल कोणी उचलून ठेवली. हे न सांगता आलेला सब्र म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी. ती वरून स्वच्छ दिसते आणि आत पू साचतो.

दुसरे माप : सब्र कोण बोलतो आहे? हा शब्द ज्याचे दुःख त्याच्या तोंडी खरा असतो. ‘मी सब्र केला’ हे वाक्य माणसाला उंच करते. ‘तू सब्र कर’ हे वाक्य बहुतेक वेळा बोलणाऱ्याची सुटका करते. शुक्रचेही तेच. पक्क्या घरातल्या माणसाने झोपडीतल्याला शुक्र शिकवणे हा उपदेश नव्हे, ती अरेरावी आहे. आपल्या कथांतले मौलवीसाहेब, मामू आणि पैसेवाले चाचा हा शब्द वापरतात, तेव्हा लेखक त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, यावरून त्याची पारख करावी. आणि तोच शब्द जेव्हा मार खाल्लेली बाई स्वतःहून उच्चारते, तेव्हा नायकाने, लेखकाने आणि समीक्षकानेही आवाज खाली करावा. तिला अडाणी ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

तिसरे माप : हात काय करताहेत? शब्द बोलून झाल्यावर पात्र उठते की बसते? काठाने मागावर जाते, पाण्यासाठी धावते, अर्ज लिहिते, जाते ओढते, की लेखक त्याला तिथेच बसवून पडदा पाडतो?

या तिन्ही मापांवर उतरणारे लेखन आपल्याकडे अजिबात नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ते थोडे आहे आणि त्याची दखल त्याहून थोडी घेतली जाते. धार्मिक वाचकाला त्यातली तक्रार खुपते, पुरोगामी वाचकाला त्यातली दुआ खुपते. दोघांच्या मध्ये तो लेखक एकटा पडतो. अशा लेखकांच्या पाठीशी उभे राहणे, हे आपल्या वार्षिकांचे आणि संमेलनांचे काम आहे. नाहीतर आपल्या आया-बहिणींच्या जगण्यातला सर्वांत कणखर भाग साहित्याबाहेर राहील आणि पुढची पिढी सब्र हा शब्द फक्त चिडवण्यासाठी वापरील. त्याची सुरुवात झालेली आहेच.

कयामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाकावे, अशा आशयाची एक हदीस आहे. ते रोप मोठे होणार नाही, त्याची सावली कोणाला मिळणार नाही, हे ठाऊक असूनही लावायचे. सब्र, शुक्र आणि तवक्कुल, तिन्ही त्या एका कृतीत आहेत. आमच्या भागातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. पाऊस लांबला तरी पऱ्ह्यांना पाणी दाखवणारी, चिखलात वाकून रोवणी करणारी बाई ते करीतच असते. तिच्याविषयी लिहायला आपल्या लेखकांनी आता तरी बसावे.